सभामंडपाची तक्तपोशी

(जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या निमित्ताने ग्रामस्थ आणि देणगीदार यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने आणि गावाच्या एकजुटीने मंदिराच्या जीर्णोद्धाराचे कार्य पूर्णत्वास गेले आहे. कलशाकडे सर्वांची दृष्टी जाते, नव्या फरशीचे कौतुक होते, गाभाऱ्याच्या चौकटीवरील नक्षी पाहण्यास मंडळी थांबतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु या जीर्णोद्धारात ज्या एका कामावर सर्वांत जास्त वाद झाला, ज्यासाठी हा सोहळा एक वर्ष पुढे ढकलावा लागला आणि ज्याच्यामुळे काही देणगीदारांची नाराजीही पत्करावी लागली, ते काम मान वर केल्याशिवाय दिसत नाही. ते काम म्हणजे सभामंडपाची लाकडी तक्तपोशी. देणगीदारांच्या पैशातून झालेल्या या कामाचा जाब देणगीदारांस आणि गावास मिळाला पाहिजे, आणि पुढच्या पिढीने ते कसे सांभाळावे तेही एकदा स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, एवढाच या चार शब्दांचा हेतू आहे.

तक्तपोशी हा शब्द फारसीतून आला. तख्ता म्हणजे फळी आणि पोशी म्हणजे आच्छादन. फळ्यांचे आच्छादन ते तक्तपोशी. कडीपाट आणि तक्तपोशी यांत पुष्कळदा घोटाळा होतो. कडीपाट वरच्या मजल्याचा भार घेतो. त्यावर माणसे चालतात, धान्याच्या कणग्या राहतात. तक्तपोशी कोणाचाही भार घेत नाही. ती छपराच्या पोटाशी, खालच्या अंगाने बसविलेली असते. वरून गळणारी धूळ, कौलांचा कचरा, पाखरांची आणि वटवाघळांची घाण ती अडविते. चैत्र-वैशाखात कौले तापली तरी मधल्या हवेमुळे खाली बसलेल्यांस उन्हाची झळ कमी लागते. टाळ-मृदंगाचा नादही तिच्याखाली सिमेंटच्या छतासारखा घुमत राहत नाही, त्यामुळे कीर्तनकाराचा शब्द शेवटच्या ओळीपर्यंत समजतो.

लाकूड किती टिकते, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला होता. त्याचे उत्तर सह्याद्रीच्या कुशीतच आहे. मावळ तालुक्यातील कार्ले येथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला सागवानी फासळ्या बसविलेल्या आहेत. ते लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्या फासळ्यांतील लाकूड आजही जागेवर आहे. शेजारच्या भाजे लेण्यांतही जुन्या लाकडी फासळ्या आहेत आणि त्यांवर ब्राह्मी अक्षरे आढळलेली आहेत. विशेष हे की, डोंगराच्या पोटात कोरलेल्या त्या छताला लाकडाच्या आधाराची काहीच गरज नव्हती. आपल्या तक्तपोशीप्रमाणेच ते लाकूडही भार घेत नाही. अलीकडच्या काळाचे पाहावयाचे तर अष्टविनायकांपैकी थेऊरच्या चिंतामणीचा लाकडी सभामंडप आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी तो बांधविला असे सांगतात, आणि त्यांचे निधनही १७७२ साली थेऊर मुक्कामीच झाले.

परंतु याच प्रांतात दुसरेही उदाहरण आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली आणि सागवानी महालांचे वैभव राखेस मिळाले; दगडी जोते आणि तटबंदी तेवढी मागे राहिली. म्हणजे लाकूड दोन हजार वर्षे टिकते आणि काही दिवसांत नाहीसेही होते. फरक लाकडात नसतो, सांभाळण्यात असतो. कार्ल्याच्या फासळ्यांवर डोंगराचे छप्पर आहे, तेथे पाणी पोहोचत नाही. पाणी, कीड आणि आग हे लाकडाचे तीन वैरी. या तिघांची वाट बंद केली की मग लाकूड माणसाच्या हिशेबाने जवळजवळ अमर होय.

आता गावातील वादाकडे वळू. जुनी तक्तपोशी उतरविण्यास सुरुवात झाली तेव्हा खालून रंग लावलेल्या फळ्या धडधाकट दिसत होत्या. फळ्या खाली आल्या आणि त्यांची वरची अंगे उजेडात आली, तेव्हा मंडळी स्तब्ध झाली. गाभाऱ्याच्या भिंतीलगतच्या फळ्या वरून काळ्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या. त्यांच्यामागील तुळईचे भिंतीत गेलेले टोक हाताने चुरा व्हावे इतके कुजले होते. त्याच तुळईखाली दर सप्ताहात बायका-मुले बसत होती. देवानेच सांभाळले, असे म्हणून सर्वांनी हात जोडले. परंतु देवाने सांभाळले म्हणून माणसाने डोळे मिटावेत असा त्याचा अर्थ नव्हे.

त्यानंतर गावात तीन मते झाली. एक मत असे की, कौलारू छप्परच काढून सिमेंटचा स्लॅब घालावा. दुसरे मत मुंबईकर मंडळींचे. त्यांचे म्हणणे, प्लास्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या पट्ट्या बसवाव्यात; आठवड्यात काम होईल, वाळवी लागणार नाही, खर्च कमी येईल आणि यात्रेच्या आत कलश चढेल. तिसरे मत वडीलधाऱ्यांचे. त्यांचे म्हणणे, लाकूड होते तेथे लाकूडच असावे.

कोणत्याही मताची हेटाळणी करण्याचे कारण नाही. प्रत्येक मताच्या मागे देवाविषयीची कळकळच होती. हिशेब मात्र करावा लागला. समजण्याच्या सोयीसाठी सभामंडप ३० फूट लांब व २० फूट रुंद धरू. म्हणजे ६०० चौरस फूट. त्यावर चार इंच जाडीचा स्लॅब घातला तर त्याचे वजन सुमारे १४ टन भरते. मातीच्या चुन्यात रचलेल्या जुन्या भिंती आणि लाकडी खांब यांवर एवढा भार टाकावयाचा तर पाया धरून सर्व मंडप नव्याने बांधावा लागेल. त्याच जागेवर पाऊण इंच फळ्यांची तक्तपोशी तिच्या आडपट्ट्यांसह सुमारे ८०० किलो भरते. पीव्हीसीच्या पट्ट्या त्याहूनही हलक्या, वाळवीच्या दृष्टीने निर्धोक आणि स्वस्त, हे खरे. परंतु उष्णतेने त्या मऊ होऊन वाकतात आणि दुर्दैवाने पेटल्या तर त्यांच्या धुरात नाकातोंडास जाळणारा आम्लाचा वायू असतो. जेथे समई, धूप आणि कापूर अखंड चालतात तेथे याचा विचार करणे प्राप्त होते. शिवाय दहा वर्षांनी एक पट्टी फुटली तर त्याच रंगाची व मापाची पट्टी बाजारात मिळेलच असे नाही. लाकडाची एक फळी खराब झाली तर गावचा सुतार तेवढीच बदलू शकतो. हे सर्व मांडल्यावर लाकडाच्या बाजूने कौल पडला.

खरा पेच पुढेच होता. फळ्या कुजल्या त्या लाकूड वाईट होते म्हणून नव्हे, तर छप्पर गळत होते म्हणून. तेव्हा आधी छप्पर दुरुस्त करावे, त्यावरून एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, आणि एकही थेंब खाली येत नाही अशी खात्री झाल्यावरच नव्या फळ्या चढवाव्यात, असे सुतारांनी निक्षून सांगितले. याचा अर्थ सोहळा वर्षभर लांबणार. देणग्या जमा झालेल्या, पत्रिकांचा मजकूर तयार, आणि मंडप मात्र वर उघडा! "पैसे देऊन वर्ष होत आले, काम कुठे दिसते?" असे विचारणारे फोन विश्वस्तांना आले. ज्यांनी निवृत्तीच्या रकमेतून देणगी दिली होती आणि ज्यांना कलश डोळ्यांनी पाहावयाचा होता अशा वृद्धांचाही प्रश्न होता. त्यांची समजूत घालणे विश्वस्तांना सोपे गेले नाही. तरीही गाव थांबले.

त्या पावसाळ्यात जे दिसले त्याने सर्व प्रश्नांची उत्तरे दिली. कौले नवी, वासे-रिपा नव्या, तरी आषाढातील पहिल्या झोडपणाऱ्या पावसात तीन ठिकाणी पाणी आले. एक आढ्याच्या कौलाखाली, एक मोडक्या पन्हळीजवळ, आणि तिसरे नेमके तेथेच, म्हणजे जेथे मंडपाचे उतरते पाखे गाभाऱ्याच्या दगडी भिंतीस जाऊन भिडते. छपराचे पाणी भिंतीवरून ओघळून त्या सांध्यात शिरत होते. जुनी तुळई कुजविणारे पाणी ते हेच. तक्तपोशी लगेच चढविली असती तर ते पाणी फळ्यांच्या वर साचत राहिले असते आणि खालून कोणासही ते कळले नसते. आता भिंतीच्या दगडांत खाच घेऊन त्यात पत्र्याची कड बसविली आहे आणि तिच्या खालून रुंद पन्हळ काढली आहे. श्रावण-भाद्रपदातील पावसात ती जागा कोरडी राहिली. वर्ष वाया गेले नाही, ते कामी आले.

थांबण्याचा दुसरा लाभ लाकडास झाला. लाकूड कोठून आणावे याचाही थोडा खुलासा आवश्यक आहे. गावातील काही शेतकऱ्यांनी आपल्या बांधावरील सागाची झाडे देवास देऊ केली होती. भावना थोर, परंतु झाड स्वतःच्या मालकीचे असले तरी साग परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ या कायद्यात त्यासंबंधी तरतुदी आहेत. तोडीची परवानगी हाती असल्याशिवाय करवत लावू नये आणि वाहतुकीचा परवाना असल्याशिवाय माल हलवू नये. देवाच्या कामास कायद्याची आडकाठी कशाला, असे कोणी म्हणेल. तर देवाच्या कामातच कागद सर्वांत स्वच्छ असावेत. पाडलेल्या जुन्या वाड्याचे सागवान विकत घेतले तर त्याचीही रीतसर पावती घ्यावी. असे जुने लाकूड मुरलेले असते व कमी वाकते; मात्र त्यातील खिळे शोधून काढावे लागतात, नाहीतर सुताराच्या रंध्याचे पाते जाते. उतरविलेल्या जुन्या फळ्यांतील चांगल्या फळ्या निवडून पुन्हा वापरण्यात आल्या. ज्या निरुपयोगी ठरल्या त्याही देवस्थानची मालमत्ता असल्याने त्यांचा चारचौघांसमक्ष लिलाव करून रक्कम वहीत जमा धरणे हाच योग्य मार्ग होय.

साग म्हटला की सर्वच साग उत्तम असे नाही. गाभ्याचे तपकिरी लाकूड अंगच्या तेलामुळे वाळवीस सहसा बधत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात तो गुण नाही. कीड प्रथम तेथेच शिरते. म्हणून फळीच्या कडेला पांढरा पट्टा असेल तर तो कापून टाकावा, मग रुंदी कमी झाली तरी चालेल.

ओले लाकूड चढविणे हा तक्तपोशीचा सर्वांत मोठा अपराध. चिरलेल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, प्रत्येक थरात बारीक पट्ट्या घालून रचाव्यात, म्हणजे वारा चारी अंगांनी खेळतो. इंचभर जाडीच्या फळीस हवामानाप्रमाणे तीन ते सहा महिने द्यावेत. वाळली की नाही हे ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे, थरातील एका फळीवर खूण करून ती दर आठ दिवसांनी काट्यावर तोलावी. वजन उतरत आहे तोवर ओल बाहेर पडत आहे. वजन उतरावयाचे थांबले की फळी हवेशी जुळली असे समजावे. आता ओल मोजण्याची छोटी यंत्रेही मिळतात. तीवर शेकडा दहा ते बारा आकडा आला म्हणजे देशावरच्या हवेस ठीक, किनाऱ्याजवळ थोडा अधिक चालतो.

लाकूड वाळले तरी त्याचे फुगणे व आटणे संपत नाही. लांबीत ते जवळजवळ हलत नाही. हलते ते रुंदीत. उन्हाळ्यात बसविलेली सहा इंची सागवानी फळी भर पावसाळ्यात सुमारे दोन मिलिमीटर रुंद होते. दोन मिलिमीटर ते काय, असे वाटेल. परंतु २० फुटांच्या रुंदीत अशा ४० फळ्या बसतात. चाळीस फळ्यांचे मिळून ८० मिलिमीटर, म्हणजे तीन इंचांहून अधिक होतात. फळ्या एकमेकींस आणि भिंतीस घट्ट ठासून बसविल्या तर हे तीन इंच जाणार कोठे? फळ्या पोट काढून खाली येतात, स्क्रू उपसतात, आणि दोष येतो सुताराच्या माथी.

म्हणून नरमादीची पद्धत. एका फळीच्या कडेला खाच आणि दुसरीच्या कडेला जीभ काढलेली असते. जीभ खाचेत शिरते, पण तळास टेकत नाही. मध्ये रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट राहते. स्क्रू जिभेच्या मुळाशी तिरका मारतात, तो पुढच्या फळीच्या खाचेत झाकला जातो आणि खालून दिसत नाही. प्रत्येक फळीची एक कड बांधलेली आणि एक मोकळी असते, त्यामुळे ऋतुमानाप्रमाणे तिला हलता येते. चारी भिंतींलगत अर्धा इंच जागा सोडून ती गोलाकार पट्टीने झाकतात. ही पट्टी भिंतीच्या अंगास बसवावी. ती फळीस ठोकली तर जागा सोडण्याचा उपयोगच राहत नाही.

सुतारांनी आडपट्ट्या दोन-दोन फुटांवर बांधल्या. दोन इंच बाय दीड इंच मापाच्या अशा १६ पट्ट्या ३० फूट लांबीत येतात. त्या तुळयांस भक्कम आवळलेल्या असल्या पाहिजेत, वाशांच्या बारीक टोकांस नव्हे. पाणसळ धरून त्यांची खालची अंगे एका पातळीत आणावी लागतात, कारण जुन्या तुळया कधीच एका रेषेत नसतात. जेथे कमी तेथे पाचर आणि जेथे जास्त तेथे रंधा. चाळीस फळ्या आणि सोळा पट्ट्या म्हणजे ६४० ठिकाणी स्क्रू. प्रत्येक ठिकाणी वाट्यास एक-सव्वा किलो भार येतो. भार थोडा, पण तो डोक्यावर, आणि वर्षानुवर्षे. म्हणून स्क्रू पितळी किंवा जस्त चढविलेला हवा आणि त्याआधी गिरमिटाने बारीक भोक पाडलेले हवे. तसाच दाबून मारला तर फळीचे टोक चिरते. साधा लोखंडी खिळा दमट हवेत गंजतो, त्याभोवती लाकूड काळे पडते आणि एक दिवस खिळ्याचे डोके तेवढे शिल्लक राहते.

सुरुवात कोठून करावी यावरही कामाची शोभा ठरते. जुन्या मंडपाच्या भिंती काटकोनात नसतात. दोन्ही कर्ण दोरीने मोजले की चार-सहा बोटांचा फरक निघतो. भिंतीपासून पहिली फळी सुरू केली तर तो वाकडेपणा सबंध छतभर पसरतो आणि गाभाऱ्याच्या दारापाशी फळ्या तिरक्या भासतात. म्हणून गाभाऱ्याच्या दाराचा मध्य धरून समोरच्या प्रवेशद्वारापर्यंत दोरी ताणली, त्या रेषेवर पहिली फळी बसविली आणि तेथून दोन्ही बाजूंस काम नेले. भिंतीचा जो काही फरक तो शेवटच्या फळीत दोन्हीकडे सारखा वाटला गेला, आणि गोल पट्टीने तो झाकलाही. देवापुढे उभे राहून वर पाहिले असता सर्व रेषा सरळ देवाकडे जातात त्या यामुळे.

जुन्या फळ्यांच्या वरच्या अंगास पटाशीने मारलेल्या खुणा सापडल्या, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. एक रेघ, दोन रेघा, रेघ आणि फुली, अशा त्या खुणा. कोणती फळी कोणत्या खणातील आणि कितवी, याचा तो हिशेब होता. पूर्वीच्या त्या सुताराचे नाव गावात कोणास ठाऊक नाही. परंतु पुढे कोणीतरी या फळ्या उतरवील, त्यास त्या पुन्हा जागेवर लावता याव्यात, एवढा विचार त्याने केला होता. नव्या फळ्यांवरही वरच्या अंगास तशाच खुणा केलेल्या आहेत.

फळीस दोन अंगे असतात, हे रंगाऱ्याने विसरू नये. खालच्या अंगास तीन हात पॉलिश आणि वरचे अंग कोरे, असे केले तर वरचे अंग दमट हवा पिते, खालचे पीत नाही, आणि फळी पन्हळीसारखी वाकते. म्हणून चढविण्याआधीच दोन्ही अंगांना आणि चारी कडांना टाकणखार व बोरिक पावडर यांच्या पाण्याचा हात देऊन, ते वाळल्यावर जवसाचे तेल द्यावे. तेलाच्या चिंध्या मात्र कोपऱ्यात ढीग करून ठेवू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशा ढिगास आपोआप आग लागू शकते. त्या चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

आगीचा विषय निघाला आहे तर विजेच्या तारांविषयीही सांगणे अवश्य आहे. जुन्या तक्तपोशीच्या वर तारांचे जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेले आढळले. काहींवर उंदरांचे दात उमटले होते. आता सर्व तारा नळीतून नेलेल्या आहेत, जोड पेटीतच आहेत आणि मुख्य फलकावर जादा भार होताच व गळती होताच वीज तोडणारी बटणे बसविली आहेत. नवरात्रातील रोषणाईवाल्याने तक्तपोशीवर तार टाकावयाची झाल्यास विश्वस्तांना विचारूनच टाकावी. झुंबर, पंखे, घंटा आणि जन्मोत्सवाचा पाळणा यांचे आकडे थेट तुळयांत आहेत. फळीत आकडा मारू नये, मग तो पताकेचा का असेना.

यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मंडपाच्या कोपऱ्यात दोन फूट चौरसाची एक झडप ठेवलेली आहे. पुष्कळांनी विचारले की, एवढ्या सुबक कामात हे दार कशाला? ते दार म्हणजे या तक्तपोशीचे आयुष्य आहे. फळ्या आणि कौले यांमधील पोकळीत वारा खेळला पाहिजे, म्हणून दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळी लावलेले झरोके आहेत. जाळीमुळे वटवाघूळ, पारवे आणि गांधीलमाशा आत येत नाहीत. परंतु नुसता वारा पुरत नाही, माणसाची नजरही तेथे पोहोचली पाहिजे. जुनी तक्तपोशी कुजली ती तिला वर चढून पाहण्याची वाटच नव्हती म्हणून. खालून दर चार-पाच वर्षांनी रंग लागत होता आणि वरून लाकूड चालले होते.

तेव्हा वर्षाची शिस्त अशी ठरली आहे. अक्षय्य तृतीयेनंतर छपराची शाकारणी करावी, फुटकी कौले बदलावीत, पन्हळीतील पाला काढावा. पहिला मोठा पाऊस झाला की दोघांनी बॅटरी घेऊन झडपेतून वर जावे आणि गाभाऱ्याच्या भिंतीलगतचा सांधा हाताने चाचपून पाहावा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते. वाळवीच्या मातीच्या वाटा भिंतीवर दिसल्यास त्याच दिवशी विश्वस्तांना कळवावे. दिवाळीपूर्वी वरची झाडलोट करावी. या सर्वांची नोंद देवस्थानच्या वहीत तारखेसह व्हावी आणि पाहणाऱ्यांनी खाली सही करावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते, लिहिलेले राहते.

शेवटी देणगीदारांविषयी. ज्यांनी एकेका खणाचा खर्च उचलला त्यांची इच्छा होती की, त्या खणातील फळीवर आपल्या वडिलांचे अथवा आईचे नाव कोरावे. इच्छा रास्त होती. परंतु फळी म्हटली की ती कधी ना कधी बदलावी लागणार. उद्या कोणाच्या नावाची फळी खराब झाली, तर ती काढण्यास गाव धजणार नाही, आणि तिच्यापायी शेजारच्या दहा फळ्या जातील. म्हणून कोणाचेही नाव छतावर घालावयाचे नाही असे ठरले, आणि ज्यांनी सर्वांत मोठी रक्कम दिली त्यांनीच प्रथम होकार दिला. सर्वांची नावे या स्मरणिकेत आणि प्रवेशद्वाराजवळच्या शिलेवर आहेत. ज्या माउल्यांनी अंड्याचे, दुधाचे, मोलमजुरीचे पैसे साठवून दिले त्यांची नावेही त्याच अक्षरांत आहेत, लहान अक्षरांत नाहीत.

कळसासाठी देणगी देणारे पुष्कळ मिळतात, शाकारणीसाठी देणारा क्वचितच मिळतो. म्हणून देणगीदारांस एकच विनंती की, आता नव्या वस्तू देण्यापेक्षा शाकारणीसाठी वेगळा निधी उभा करण्यास हातभार लावावा. वर्षाकाठी चार माणसांची दोन दिवसांची मजुरी, शे-दीडशे कौले आणि एखादी पन्हळ एवढाच तो खर्च आहे. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण देणगीस लागू आहे तशीच गळतीसही लागू आहे.

ज्या सुतारांनी पालखीच्या दिवसाखेरीज एकही खाडा न करता हे काम केले, ज्या विश्वस्तांनी वर्षभर बोल सोसले आणि ज्या देणगीदारांनी वर्षभर धीर धरला, त्या सर्वांचे गाव ऋणी आहे. ग्रामदेवतेचा सभामंडप लेकरा-बाळांच्या कीर्तनांनी गजबजलेला राहो, आणि दर पावसाळ्यात त्या झडपेतून वर चढणारे दोन जण या गावात सदैव निघोत, हीच देवाचरणी प्रार्थना.

शुभं भवतु।